मिरजेच्या घराचं लाईटचं मीटर सापडत नाहीये, आणि स्मार्ट मीटरवाले दारात आलेत

ठाण्याचा_मिरजकर
मंडळी, जरा विचित्र प्रॉब्लेम आहे, हसू नका. मिरजेत आमचं आजोबांच्या वेळचं दुमजली घर आहे, वर आत्या एकटी राहते (वय ७४, कान तिखट, गुडघे बाद), खाली वडिलांच्या लहानपणापासून एक तंबोऱ्याचा कारखाना भाड्याने आहे, म्हणजे कारखाना म्हणजे काय दोन खोल्या, चाचा आणि त्यांचा नातू. गेल्या आठवड्यात मीटर बदलायला दोन पोरं आली, नवीन स्मार्ट मीटर बसवायचं म्हणाली, आत्याला विचारलं मीटर कुठंय, आत्या म्हणाली मला काय ठाऊक, बाबांनी बसवलं होतं. पोरांनी जिना बघितला, मागचं परसू बघितलं, संडासाची भिंत बघितली आणि परत येतो म्हणून गेली. आता मी बिलं मागवून घेतली तर गेले सहा-सात महिने प्रत्येक बिलात बरोब्बर ९२ युनिट! आत्या दोन पंखे, एक फ्रीज आणि टीव्ही लावते. बिल अजून आजोबांच्या नावावर आहे, त्यांना जाऊन २६ वर्षं झाली.
तर प्रश्न दोन. एक, ठाण्यात बसून मीटर शोधायचं कसं. दोन, सापडल्यावर स्मार्ट मीटर बसवू द्यायचं का, कारण व्हॉट्सॅपवर रोज कुणीतरी सांगतंय की बिल तिप्पट येतं.

कोथरूडची_कावेरी
९२, ९२, ९२ म्हणजे सरासरी लावलीय. बिलावर मीटर स्टेटस असं काहीतरी लिहिलेलं असतं ते वाच, नॉर्मल नसेल. आणि मीटरचा फोटो छापतात तिथे काय आहे?

ठाण्याचा_मिरजकर
फोटोच्या जागी काळं चौकोनी काहीतरी आहे. स्टेटस 'इनअॅक्सेसिबल'चं शॉर्ट फॉर्म दिसतंय. आधीची बिलं आत्याने रद्दीत घातली.

वायरमन_बाबा
अहो मिरजकर, मीटर कुठे जात नाही, वायर धरून चालत जायचं. घरासमोर पोल असेल, त्या पोलवरून तुमच्या घराला सर्व्हिस वायर येते, ती भिंतीवर कुठे उतरते ते बघायचं. जुन्या घरात लोखंडी पाईपातून येते, वर पाईपाचं तोंड छत्रीच्या मुठीसारखं वळवलेलं असतं पाणी जाऊ नये म्हणून. तो पाईप जिथे भिंतीत शिरतो त्याच्या आतल्या बाजूला पाच-सहा फुटांच्या आत कटआउट (म्हणजे फ्यूज) आणि मीटर असणार म्हणजे असणार. उलट्या बाजूनेही येता येतं, वरच्या मेन स्विचमध्ये येणारी वायर कुठून येते ते बघत खाली उतरायचं. पण हे काम आत्याबाईंना नका सांगू, स्टुलावर चढतील.
मीटर सापडलं की आधी त्याच्यावरचा नंबर बिलावरच्या मीटर नंबरशी ताडून बघा. ग्राहक क्रमांक वेगळा, तो १२ आकडी, तो मीटरवर नसतो. लोक ह्यातच घोळ करतात. आणि सीलला हात लावू नका.

सातारी_तर्री
आमच्याकडे मीटर सापडलं होतं देवघराच्या मागे. वहिनीने फर्निचर करताना सुताराला सांगितलं सगळं झाकून टाक, त्याने सगळंच झाकलं 😂 रीडिंगवाला यायचा तेव्हा आजी बाळकृष्ण उचलून बाजूला ठेवायची आणि म्हणायची बघ बाबा लवकर, नैवेद्य व्हायचाय.

न्यूकॅसलचा_नाना
इकडे तरी काय वेगळं आहे! आम्ही भाड्याच्या घरात राहायला आलो तेव्हा मीटर शोधायला दोन दिवस लागले. इथे साधारण जिन्याखालच्या कपाटात, पोर्चमध्ये नाहीतर बाहेरच्या भिंतीला पांढऱ्या डब्यात असतं, त्या डब्याला तिकोनी किल्ली लागते, ती घरमालकाकडे नव्हती. फ्लॅट असेल तर तळमजल्यावर सगळ्यांची एकत्र, आणि त्यावर फ्लॅट नंबर कुणीतरी १९८० साली पेनाने लिहिलेले. आमच्या ओळखीतला एक जण वर्षभर शेजारच्याचं बिल भरत होता. इथे बिलावर एमपॅन म्हणून १३ आकडी नंबर असतो, पण तो त्या घराच्या सप्लायचा, मीटरचा सिरियल नंबर निराळा, तोच ताडायचा. वायरमन बाबांनी लिहिलंय तेच म्हणायचं.
स्मार्ट मीटरबद्दल एक सांगतो, इथे पहिल्या पिढीची मीटर कंपनी बदलली की मुकी व्हायची, स्मार्ट म्हणून बसवलेल्या मीटरचं रीडिंग पुन्हा टॉर्च घेऊन घ्यायचं. दुसऱ्या पिढीत ते सुधारलं. तेव्हा बसवताना लगेच घाबरूही नका आणि हुरळूही नका.

ठाण्याचा_मिरजकर
अपडेट. चाचांच्या नातवाला व्हिडिओ कॉल केला आणि पोलपासून चालायला लावलं. वायर आली, गॅलरीच्या वाशाला टेकून, पाईपात शिरली, आणि पाईप गेला थेट कारखान्याच्या मागच्या खोलीत. आता ज्यांनी तंबोऱ्याचा कारखाना बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, ते वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात, तर त्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत भोपळे. भोपळे म्हणजे शब्दशः डोंगर. नातू म्हणाला मामा ह्याच्या मागे काही असेल तर मला माहीत नाही, माझ्या जन्माच्या आधीपासून हे असंच आहे.
आज सकाळी चाचांनी एकेक भोपळा हातात घेऊन टिचकी मारून बाजूला ठेवला (घाई केलेली चालत नाही, तडकतात), दोन तास. मागे लाकडी फळी, फळीवर दोन मीटर! एक आमचं एक त्यांचं असावं. दोन्ही चालू आहेत, लाल दिवा लुकलुकतोय. जाळी इतकी की नंबर वाचायला नातवाने रंगाचा ब्रश घेतला. डावीकडच्याचा नंबर आजोबांच्या बिलाशी जुळला!! आत्याने तिकडे साखर वाटली.

कोथरूडची_कावेरी
चाचांचं रीडिंग मग कसं व्हायचं इतके दिवस? त्यांचंही सरासरीच असणार.

ठाण्याचा_मिरजकर
हो त्यांचंही. ते म्हणाले बिल येतं, भरतो, कधी विचार केला नाही.

वायरमन_बाबा
साखर वाटलीत ठीक आहे पण काम अर्धंच झालंय. नंबर जुळला म्हणजे ते मीटर बिलात तुमचं आहे. वायरीत तुमचं आहे का ते अजून कळायचंय. जुन्या घरात पन्नास वर्षांत पाच वायरमननी हात घातलेले असतात. टेस्ट सांगतो, दोन माणसं लागतील, एक वर एक मीटरपाशी, फोन चालू ठेवा.
वरचा मेन स्विच बंद करायचा. डावीकडच्या मीटरचा लाल दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर मेनच्या आधीच कुठेतरी कुणीतरी टॅप मारलाय.
मग मेन चालू करायचा, पण घरातलं सगळं बंद, फ्रीजसुद्धा, टीव्हीचा प्लग काढून. परत दिवा थांबला पाहिजे.
मग एक मोठा, ठरावीक लोड लावायचा. इस्त्री नको, ती मधेच आपोआप बंद होते. पाणी तापवायचा रॉड बेस्ट, बादलीत पाणी भरून, रॉड आधी पाण्यात आणि मग स्विच, आणि चालू असताना पाण्याला हात लावायचा नाही. मीटरवर imp/kWh असं लिहून आकडा असतो, बहुतेक ३२००, म्हणजे एका युनिटला ३२०० वेळा दिवा लुकलुकतो. १५०० वॅटचा रॉड तासाला दीड युनिट खातो, म्हणजे ४८०० लुकलुक, मिनिटाला ८०. मोजा. ८० च्या आसपास आले तर मीटर बरोबर पळतंय. १२०-१३० आले तर काहीतरी गडबड.
आणि अजून एक. मीटरवर दुसरा एक छोटा दिवा असतो, E किंवा EL लिहिलेला. तो पेटलाय का?

सातारी_तर्री
बाबा हे शाळेत शिकवलं असतं तर मी फिजिक्समध्ये पास झालो असतो.

ठाण्याचा_मिरजकर
बाबा!! तुम्ही देवमाणूस आहात. ऐका.
मेन बंद केला, दिवा थांबला. पण त्याच क्षणी खालून चाचा ओरडले, पंखा का बंद झाला! म्हणजे पॉलिशच्या कोपऱ्यातला त्यांचा पंखा आमच्या मेनवरून चालतोय. मग मेन चालू, घरातलं सगळं बंद, तरी साधारण पंधरा-सोळा सेकंदाला एक लुकलुक येतेच आहे. रॉड लावल्यावर मिनिटाला ८३-८४. आणि EL चा दिवा पेटलेला आहे, चाचांनी पंखा बंद केला की विझतो. दोन्ही मीटरवर पेटतो, हे काय गौडबंगाल?
आत्या आत्ता सांगतेय की दोन वर्षांपूर्वी एकाने ते शॉक लागू नये म्हणून असतं ते बसवलं होतं, दर दुपारी खाली पडायचं, शेवटी काढून टाकलं.

वायरमन_बाबा
दुपारी पडायचं कारण चाचा दुपारी पॉलिश करत असणार आणि पंखा लावत असणार. त्या आरसीसीबीने बरोबर काम केलं आणि तुम्ही बिचारीला काढून टाकलंत.
गौडबंगाल असं आहे. ७० वॅटचा पंखा, ३२०० च्या हिशोबाने तासाला २२४ लुकलुक म्हणजे सोळा सेकंदाला एक, तुमचं मोजमाप परफेक्ट. त्या पंख्याला फेज (वीज येते ती वायर) तुमच्या घरातून दिलाय आणि न्यूट्रल (परतीची वायर) चाचांच्या वायरिंगमधून घेतलाय, कुणीतरी जवळ मिळाली ती वायर जोडली. आपल्याकडचं इलेक्ट्रॉनिक मीटर फेजचा करंटही मोजतं आणि न्यूट्रलचाही, दोन्ही सारखे पाहिजेत. सारखे नसले की EL पेटतो आणि जो जास्त असेल तो मीटर धरतं, चोरी पकडायला ही सोय आहे. आता तुमच्या मीटरमध्ये फेज जास्त, न्यूट्रल कमी, तुम्हाला पंखा लागला. चाचांच्या मीटरमध्ये न्यूट्रल जास्त, फेज कमी, त्यांनाही तोच पंखा लागला. एक पंखा, दोन बिलं. दिवसाला दहा तास धरा, महिन्याला २१ युनिट इकडे आणि २१ तिकडे.
चाचांना म्हणावं घरातले सगळे स्विच बंद करून फक्त तो पंखा लावा, त्यांचंही मीटर सोळा सेकंदालाच लुकलुकेल.

ठाण्याचा_मिरजकर
लुकलुकतंय! सोळा सेकंद! चाचा डोक्याला हात लावून बसलेत, म्हणाले सुरात आहेत दोघं.

कोथरूडची_कावेरी
आता स्मार्ट मीटरच्या प्रश्नाकडे येऊ कारण माझ्या मते ह्याच भानगडींमुळे लोक म्हणतात की नवीन मीटर पळतं. जुनं चकतीचं मीटर ज्यांच्याकडे होतं ते झिजून मंद झालेलं, टीव्हीचा स्टँडबाय, राउटर, नाईट लॅम्प ह्यांना चकती हलायचीच नाही. इलेक्ट्रॉनिक मीटर आठ-दहा वॅटसुद्धा धरतं. आणि वायरिंगमध्ये असा घोळ असेल तर तोही प्रामाणिकपणे बिलात येतो. मोजायची पद्धत स्मार्ट आणि साध्या इलेक्ट्रॉनिक मीटरची सारखीच, फरक पुढे आहे. स्मार्टमध्ये मोबाईलसारखं सिम किंवा रेडिओ असतो, दर अर्ध्या-पाव तासाचं रीडिंग साठवून परस्पर पाठवतो, लाईट गेली तर तेही कळवतो, आणि आत एक स्विच असतो ज्याने लांबूनच कनेक्शन तोडता-जोडता येतं.
तिप्पट बिलाचं म्हणशील तर अजून एक कारण सरासरी. सहा महिने कमी सरासरी लागली आणि मग खरं रीडिंग आलं की सगळा फरक एका बिलात येतो. तो फरक त्या-त्या महिन्यांत वाटून स्लॅब लावला गेलाय का ते बघायचं, कारण १०० च्या वर आणि ३०० च्या वर दर चढतो. तुझ्या आत्याच्या बाबतीत उलटं होईल बहुतेक, पैसे जमा होतील.

गडहिंग्लज_एक्सप्रेस
सगळं ठीक आहे ताई पण प्रीपेड केलं तर? मोबाईलसारखं बॅलन्स संपला की अंधार, म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं? माझा तर पूर्ण विरोध आहे. लोकांना न विचारता हे सगळं चालू केलं.

कोथरूडची_कावेरी
विरोध कर ना, पण कशाला ते नीट बघून. केंद्राची आरडीएसएस म्हणजे वीज वितरण सुधारायची योजना २०२१ ची, त्यात देशभरात २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर असंच होतं. महाराष्ट्रात त्यावर एवढा आरडाओरडा झाला की जून २०२४ मध्ये सरकारनेच जाहीर केलं की सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही. त्यानंतर घरोघरी लागतायत ती पोस्टपेड, टीओडी म्हणतात त्यांना (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेप्रमाणे दर), महिन्याला बिल येतं नेहमीसारखं. मीटर तेच, प्रीपेडही करता येतं हे खरं, त्यामुळे तुझी शंका अगदीच चूक नाही, लक्ष ठेवायला हवं.
फायदा म्हणशील तर जुलै २०२५ पासून टीओडीवाल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या युनिटवर ८० पैसे सूट सुरू झाली. आत्या दिवसभर घरी असते, तिला उपयोग आहे. मी सकाळी साडेआठला निघते आणि सातला येते, मला घंटा उपयोग नाही.
आणि संशय आलाच तर नियम आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ग्राहक हक्काच्या नियमांत दुरुस्ती झाली, रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर पाच दिवसांत शेजारी दुसरं मीटर लावून निदान तीन महिने ताडून बघायचं असतं. तक्रार लेखी द्या, १९१२ वर फोन केला तर तक्रार क्रमांक लिहून घ्या.

गडहिंग्लज_एक्सप्रेस
हे पाच दिवसांचं माहीत नव्हतं. तरी विरोध आहेच 😀

अॅडव्होकेट_आजोबा
मिरजकर, तुम्ही एक गोष्ट फार सहज लिहून टाकलीत. तुमच्या घरगुती कनेक्शनवरून भाडेकरूच्या कारखान्यातला पंखा चालतो. वीज कायदा २००३, कलम १२६, मंजूर कारणाखेरीज वापर. तपासणीत निघालं तर दुप्पट दराने आकारणी, आणि किती दिवसांपासून चालू होतं ते कळलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. पंखा आधी तोडा, मग मीटरवाल्यांना बोलवा.

वायरमन_बाबा
आजोबा एवढं घाबरवू नका हो पोराला. घराच्या भागात छोटा धंदा असेल आणि महिन्याला ३०० च्या आत, वर्षाला ३६०० च्या आत वापर असेल तर घरगुतीच दर लागतो.

अॅडव्होकेट_आजोबा
तो स्वतःच्या घरात स्वतः धंदा करणाऱ्याला. इथे भाडेकरू वेगळा, मीटर वेगळं. वाद घालत बसण्यापेक्षा दोन फुटांची वायर बदलणं स्वस्त.

वायरमन_बाबा
ते मात्र खरं. लायसन असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, मेन बंद करून पंख्याचा फेज चाचांच्या बोर्डावर घ्यायचा, अर्ध्या तासाचं काम.
पण मला खरी काळजी वेगळीच आहे. वाळके भोपळे, लाकडाचा भुसा, पॉलिशचं स्पिरिट आणि त्यात पन्नास वर्षं जुन्या फळीवर कटआउट! लूज कनेक्शन तापलं तर मिनिटात पेटेल सगळं. मीटर तिथून हलवाच. पुढच्या भिंतीला, दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर, पेटीत. अर्ज करावा लागतो, जागा बदलायचा खर्च तुमच्यावर येईल. आणि स्मार्ट मीटर भोपळ्यांच्या डोंगरामागे जाड मातीच्या भिंतीत बसवलं तर त्याला रेंज कुठून मिळणार, परत सरासरीच येत राहील.

न्यूकॅसलचा_नाना
अगदी. इथे जाड दगडी घरांत हीच रड आहे. उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडला मीटरसाठी मोबाईल नेटवर्क न वापरता लांब पल्ल्याचा रेडिओ वापरतात, तरी तळघरातली मीटर गप्पच बसतात काही ठिकाणी.

ठाण्याचा_मिरजकर
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. शनिवार-रविवार मिरजेला जाऊन आलो.
पंख्याची वायर बदलली. EL दोन्हीकडचा विझला. आरसीसीबी परत बसवली, अजून एकदाही पडली नाही. दोन्ही मीटर पुढच्या भिंतीला आली, अर्ज आत्याच्या नावाने करायला गेलो तर आधी नाव बदला म्हणाले, त्यासाठी आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि घराचे कागद, ते आत्याच्या ट्रंकेत साडीच्या घडीत सापडले. मग नवीन मीटर लागली, जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग मी आणि चाचांनी फोटो काढून ठेवलं, आणि बदलीच्या कागदावर तोच आकडा आहे ना बघूनच सही केली (हे कावेरीने व्यनिमध्ये, म्हणजे खाजगी निरोपात, बजावलं होतं, सगळ्यांनीच करा). खरं रीडिंग ९२ पेक्षा कमी निघालं, त्यातून पंख्याचे २१ गेले, म्हणजे आत्याचं स्वतःचं ५५-६० च आहे. जमा झालेल्या पैशांत दोन महिने बिल शून्य येईल असं वाटतंय.
चाचांनी त्यांच्या वाट्याच्या पंख्याचे पैसे देऊ केले, आत्या म्हणाली राहू दे, तुझ्याकडचा जो काही खटखटाट आहे तो दुपारी दोन ते चार बंद ठेव. त्यावर चाचा म्हणाले नऊ ते पाच वीज स्वस्त आहे ना, तेव्हाच तर काम करायचं. आता दोघांत ह्यावर वाद चालू आहे आणि दोघंही मला फोन करतात.

सातारी_तर्री
भोपळे कुठे ठेवले मग?

ठाण्याचा_मिरजकर
परत तिथेच. फळी काढली, भिंत सारवली, जागा थोडी जास्तच मिळाली म्हणाले.